शिंजीर, जास्वंद आणि सुतळीची गाठ

फेब्रुवारीतली सकाळ. आठ वाजायला आले असतील. शेजारच्या सूनबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "काका, लवकर या! आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आलाय!" हातातला चहाचा कप तसाच घेऊन मी धावलो. त्यांच्या तांबड्या जास्वंदीवर एक बोटभर लांबीचा पक्षी लटकला होता. बाकदार चोच त्याने फुलाच्या बुडाशी खुपसली होती. क्षणभर तो पंख फडफडवत हवेत थांबला, मग पुन्हा देठावर बसला आणि चिक् चिक् करत मोगऱ्यावरून पलीकडे उडून गेला. सूनबाईंनी तोवर मोबाइलवर पाचपन्नास चित्रे टिपली होती.

"हमिंगबर्ड नव्हे हो, हा आपला शिंजीर," मी म्हटले. त्यांचा चेहरा जरासा उतरला. परदेशातून पाहुणा येणार म्हणून घर सजवावे आणि दारात आपलाच चुलतभाऊ उभा राहावा, तसे काहीसे झाले.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. रात्रीपर्यंत ते चित्र आमच्या सेक्टरातल्या निम्म्या घरांत पोहोचले होते. खाली ओळ होती, 'आकुर्डीत हमिंगबर्ड!' वाटेत कोणीतरी त्यावर हातही फिरवला होता. मधे आलेली काडी गायब झाली होती, मागची भिंत जाऊन तिथे हिरवेगार रान आले होते आणि पक्ष्याच्या गळ्यावर माणकासारखा लाल रंग चढला होता. पक्षी आमच्या जास्वंदीवरचा, गळा मात्र अमेरिकेतला! चित्र दिसायला सुरेख होते. फक्त ते कशाचे होते, हे कोणालाच सांगता आले नसते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. आपण छायाचित्र 'सुधारतो' म्हणजे नेमके काय सुधारतो? आणि सुधारण्याच्या हौसेत मोडतो काय? प्रश्न अंगणातला आहे आणि पक्षी दहा ग्रॅम वजनाचाही नाही. पण या प्रश्नापायी मला एक जुनी चूक आठवली. ती पुढे सांगणारच आहे. आधी या पक्ष्याची नीट ओळख करून घेऊ.

पाहुणा नव्हे, घरचाच

हमिंगबर्ड हा पक्षी आपल्याकडे नाही. त्याच्या साडेतीनशेंहून अधिक जाती आहेत. पण त्या सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून पार दक्षिणेच्या टोकापर्यंत. भारतात 'हमिंगबर्ड पाहिला' असे कोणी सांगितले, की बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर तो शिंजीर असतो, नाही तर फुलापुढे हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पिणारा हॉक मॉथ जातीचा पतंग. हा पतंग अनेकांना चकवतो. पण त्याला चोच नसते आणि डोक्यावर मिशा असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

शिंजिराला सूर्यपक्षी असेही म्हणतात; काही ठिकाणी फुलचुखीही म्हणतात. आमच्या भागात त्याच्या दोन जाती सहज दिसतात. एक जांभळा शिंजीर. विणीच्या काळात याचा नर नखशिखान्त काळा वाटतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो. दुसऱ्याच्या कंबरेवर जांभळा रंग असतो, छातीवर तपकिरी-लाल पट्टा आणि पोट पिवळे. दोघांच्याही माद्या साध्या. वरून मातकट, खालून फिकट पिवळ्या. संसाराचा मोठा भार याच साध्या बाईसाहेबांवर असतो, हे पुढे दिसेलच.

नवल असे, की हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचे रक्ताचे जवळचे नाते नाही. हमिंगबर्ड नात्याने पाकोळीचा भाऊबंद. शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गोतावळ्यातला. दोघांनी धंदा मात्र एकच धरला, फुलातला मध पिण्याचा. म्हणून दोघांनाही लांब चोच, मध ओढणारी जीभ आणि झगमगता अंगरखा मिळाला. एकाच कामासाठी दोन गावच्या दोन कारागिरांनी एकमेकांना न भेटता सारखेच हत्यार घडवावे, तसा हा प्रकार. फरक आहे तो कसबात. हमिंगबर्डचा खांद्याचा सांधा असा, की पंख खाली येताना आणि वर जाताना, दोन्ही वेळा त्याला आधार मिळतो. त्यामुळे तो हवेत टांगल्यासारखा राहतो, मागेही उडतो. शिंजीर हवेत थांबतो तो क्षणभरच; एरवी तो देठावर बसून, वेळप्रसंगी उलटा लोंबकळून जेवतो.

अंगणातल्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिंजीर बसतो म्हणजे आपल्याला वेळ देतो.

गंमत म्हणजे पाहुणा आला नाही तरी त्याचे ताट इथे येऊन पोहोचले आहे. आपल्या बागांत लाल कारंज्यासारखा लोंबणारा रसेलिया मूळचा मेक्सिकोकडचा. नारिंगी नळकांड्यांची हॅमेलिया, कुंपणावरची पिवळी टेकोमा, अगदी माळरानावरची घाणेरीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली. यातली हॅमेलियासारखी फुले तिकडे हमिंगबर्डसाठी वाढलेली; इकडे त्यांच्यावर शिंजिरांनी हक्क सांगितला. जास्वंदीचे फूल मोठे पडते, तेव्हा हे महाराज समोरच्या दाराने जातच नाहीत; पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरून भोक पाडतात आणि मध पळवतात. परागकणांची हमाली नाही, फुकटचे जेवण! आंब्यावरच्या बांडगुळाशी मात्र त्यांचा व्यवहार चोख आहे. तिथे ते मध पितात आणि परागकण वाहून नेण्याचे कामही करतात.

काळा की निळा?

ज्यांनी शिंजिराचे छायाचित्र काढायचा प्रयत्न केला आहे, त्यांची एकच तक्रार असते. "डोळ्यांना निळा दिसला आणि फोटोत कोळसा आला!" यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

हा निळा रंग रंगपेटीतल्या रंगासारखा नसतो. पिसांच्या सूक्ष्म तंतूंत गडद कणांचे पातळ थर असतात. त्यांच्यावरून उजेड परततो, तेव्हा साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे रंग उमटतात. उजेड कुठून पडतो आणि आपण कुठे उभे आहोत, यावर रंग ठरतो. कोन चुकला की उरतो तो काळा. म्हणजे शिंजिराचा रंग त्याच्या एकट्याचा नाही. तो सूर्य, पक्षी आणि पाहणारा या तिघांत मिळून आहे. 'सूर्यपक्षी' हे नाव त्याला किती शोभते पाहा.

या रंगाने एका मोठ्या कारखानदाराला झपाटले होते. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे १९४८ पासून १९६२ पर्यंत अध्यक्ष होते. शिक्षणाने रसायन अभियंते. एवढा व्याप सांभाळून त्यांनी हमिंगबर्डची छायाचित्रे काढण्याचा नाद धरला. त्या पंखांची फडफड साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्यातली नव्हती; लहान जातींचे पंख सेकंदाला पन्नासाहून जास्त वेळा हलतात. तेव्हा सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशापुरता चमकणारा प्रकाशझोत वापरावा लागे. या तंत्राची वाट मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातले हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकातच दाखवली होती. ग्रीनवॉल्ट यांचे 'हमिंगबर्ड्स' हे पुस्तक १९६० साली निघाले. त्यात नुसती सुंदर चित्रे नाहीत; पिसांत रंग कसा तयार होतो, पक्षी हवेत कसा तरंगतो, याचा अभियंत्याला शोभेल असा हिशेब आहे. चित्र सुधारण्यासाठी या माणसाने पक्ष्याला रंग फासला नाही; तो उजेड समजून घेत गेला.

आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकांना हे पटायला हरकत नाही. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये आणि तपासणी विभागात गेली. तिथे एक साधा नियम होता. मापात न बसणारा नग पॉलिश मारून पास होत नाही. छायाचित्राचे माप म्हणजे उजेड, कोन आणि क्षण. ते जमले नाही, तर नंतरची सगळी मेहनत म्हणजे नुसते पॉलिश.

बटण दाबण्याआधी

कोणता कॅमेरा घ्यावा, असे मला पुष्कळजण विचारतात. मी उलट विचारतो, "जास्वंद कुठे लावली आहे?" कारण चांगल्या छायाचित्राची सुरुवात दुकानात होत नाही, कुंडी कुठे ठेवायची इथे होते.

सकाळचे कोवळे ऊन जिथे पडते तिथे फुलझाड हवे, आणि सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी आपली बैठक. आमच्याकडे साडेसात ते साडेनऊ ही वेळ उत्तम. ऊन तिरके असते, पिसांत रंग फुलतो आणि पक्षीही भुकेला असतो. दुपारच्या उन्हात सगळेच पांढरे आणि काळे होऊन जाते.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. कुंडी भिंतीला चिकटून असेल तर चित्रात पोपडे, पाइप आणि वाळत घातलेले टॉवेल सगळे येतात. तीच कुंडी भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे ओढली, की मागचे सगळे आपोआप धूसर होते. ज्या कामासाठी लोक रात्री संगणकापुढे तासभर बसतात, ते कुंडी सरकवून दोन मिनिटांत होते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे नुसते बसणे. पहिले दोन दिवस कॅमेरा घरातच ठेवावा आणि पाहावे. शिंजिराची फेरी ठरलेली असते. कोणत्या फुलावरून सुरुवात, मधे कोणत्या तारेवर विश्रांती, कोणत्या फुलावर पुन्हा यायचे, हे सगळे काही वेळाने तेच घडते. कारण रिकाम्या झालेल्या फुलात मध भरायला वेळ लागतो. ही फेरी कळली, की पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवण्याची धावपळ संपते. फूल आधीच नेमके टिपून ठेवायचे आणि त्याची वाट पाहायची. खिडकीच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसलात तर फारच चांगले. हलणाऱ्या माणसाला तो घाबरतो. बसलेला माणूस त्याच्या लेखी कुंडीच.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. उडता पक्षी स्पष्ट हवा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद वेग ठेवावा. बसलेल्यासाठी पाचशेवा भाग पुरतो. नेम डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट असेल तर शेपटी धूसर झालेली चालते, उलट चालत नाही. मागे पांढरे आकाश असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा काढतो. तेव्हा उजेडाचे माप थोडे वाढवून घ्यावे. मोबाइल असेल तर पडद्यावर बोटांनी ताणून मोठे करू नये, त्याने तपशील विरघळतो. मोबाइल फुलाजवळ टेकवून ठेवावा, दूर बसावे आणि बिनतारी बटणाने चित्रे घ्यावीत. एका बैठकीत दोनशे चित्रे घेऊन एकशे नव्वद पुसून टाकायला आज पैसे पडत नाहीत. आमच्या काळी छत्तीस चित्रांचा रोल असे आणि प्रत्येक बटणामागे धुण्याचा-छापण्याचा खर्च दिसे. त्यामुळे आम्ही बटण कमी दाबत असू आणि पाहत जास्त असू. ही सवय फुकटात मिळते. ती पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही.

सुतळीची गाठ

आता ती चूक सांगतो.

साल १९९६. आमचा हा भाग तेव्हा बराच मोकळा होता. १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेल्या सेक्टरांत छोटी छोटी घरे उभी राहत होती. पुढे हातभर अंगण, त्यात तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि फाटकावर मधुमालतीचा वेल. इथल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून आकुर्डीचा रविवार गुरुवारी येतो असे आम्ही म्हणायचो. अशाच एका गुरुवारची ही हकीकत.

मार्च महिन्यात शिंजिराच्या मादीने आमच्या मधुमालतीत घरटे बांधले होते. हे घरटे म्हणजे लोंबती थैली. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पाने, अळ्यांची विष्ठासुद्धा. आणि हे सगळे एकत्र धरायला कोळ्याचे जाळे. बाजूला छोटे दार, दारावर चक्क एक छपरी. दुरून पाहिले तर वाऱ्याने अडकलेला केरकचरा वाटावा. बांधकाम मादी एकटी करते, अंडी उबवण्याचे दोन आठवडेही तिचेच. नर पिल्लांना भरवायला हातभार लावतो. मध पिणारा पक्षी असला तरी पिल्लांना तो कोळी आणि किडे भरवतो. वाढत्या अंगाला नुसती साखर पुरत नाही.

पिल्ले बाहेर आली होती. मी नुकताच एक जुना कॅमेरा आणि त्याची लांब भिंग हप्त्याने घेतली होती. फाटकापुढे तिवई लावली. पाहतो तो घरट्यावर पानांचा पडदा. मादी दारात येते. पण अर्धी पानाआड, आणि दारावर सावली. माझ्या डोक्यात मासिकांतली चित्रे होती. स्वच्छ घरटे, स्वच्छ उजेड, मागे काही नाही. मी घरात गेलो, सुतळी आणली आणि पुढच्या दोन फांद्या बाजूला ओढून फाटकाच्या गजाला बांधल्या. कापल्या नाहीत, नुसत्या बांधल्या. यात काय वाईट, असेच वाटले. ऊन थेट घरट्यावर आले. मादी थोडा वेळ घुटमळली, मग आली. मी अख्खा रोल संपवला.

आणि मग जे करू नये ते केले. रोल धुवायला टाकण्याच्या घाईत सायकल काढली आणि चिंचवडला गेलो. तिथे एक नातेवाईक भेटले, जेवण झाले, गप्पा झाल्या. परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. सुतळी तशीच होती. घरट्याचे दार फाटून लोंबत होते. कावळ्याने नेले की भारद्वाजाने, ते मी पाहिले नाही. मादी चोचीत एक कोळी धरून वेलावर या काडीवरून त्या काडीवर जात होती. अंधार पडेपर्यंत ती जात राहिली. सौभाग्यवतींनी येऊन सुतळी सोडली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

चार दिवसांनी छापून आलेल्या चित्रांत एक अप्रतिम निघाले. मादी दारात, आत पिल्लाची उघडी चोच, उन्हाची तिरीप बरोबर डोळ्यात आणि मागे स्वच्छ हिरवे. कारखान्यातल्या कामगारांच्या प्रदर्शनात त्याला पहिले बक्षीस मिळाले. बरीच वर्षे ते आमच्या दिवाणखान्यात होते. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "वा! किती स्वच्छ आलंय!" ते स्वच्छ का आले आहे, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. शेवटी एका दिवाळीच्या साफसफाईत मीच ते उतरवले. आजही माझ्या हातून निघालेले ते सर्वांत चांगले छायाचित्र आहे, आणि ते मी कोणाला दाखवत नाही.

पुढे कळले, की मी केलेल्या गोष्टीला कायद्यातही नाव आहे. १९७२ चाच वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते. बंदूक लागत नाही, सुतळी पुरते. आजची मुले छायाचित्र काढण्याला 'शूट केले' म्हणतात, ते कधी कधी अक्षरशः खरे ठरते. म्हणूनच आता पक्षिमित्रांची अनेक मंडळे घरट्यांची छायाचित्रे घेतही नाहीत आणि दाखवतही नाहीत. हा नियम मला फार उशिरा समजला. वाचकांनी तो माझ्या खर्चाने आत्ताच समजून घ्यावा. घरटे दिसले तर कॅमेरा दुसरीकडे वळवा. जास्वंदीवरचा शिंजीर खुशाल टिपा. तिथे तो आपल्या मर्जीने येतो आणि मर्जीने जातो.

डाग की ओळख?

आता कोणी म्हणेल, फांद्या बांधण्यापेक्षा संगणकावर पान पुसले असते तर काय बिघडले असते? पिल्ले तर वाचली असती! हे खरे आहे, आणि पक्ष्याला हात लावण्यापेक्षा चित्राला हात लावलेला शंभर वेळा बरा. पण तिथेही एक गाठ आहे, ती माझ्या नातवाने मला दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने जांभळ्या शिंजिराचे एक सुरेख चित्र घेतले. मातकट पाठ, पिवळे पोट. संध्याकाळी मला दाखवत म्हणाला, "आजोबा, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा डाग आला होता. तो मी काढून टाकला. बघा, कसा स्वच्छ दिसतो!"

मी कपाळाला हात लावला. वीण संपली की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगमगीत वेष उतरवतो आणि मादीसारखा दिसू लागतो. त्याच्या गळ्यापासून पोटाकडे गेलेली ती गडद रेघ, तीच काय ती नराची खूण उरते. नातवाने एक बोट फिरवून नराची मादी करून टाकली होती! मूळ चित्र मोबाइलमध्ये होते म्हणून निभावले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्याला दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे डाग नव्हता, त्याची ओळख होती." मला इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

चित्रावर संस्कार करूच नयेत, असे मी म्हणत नाही. आम्हीही अंधाऱ्या खोलीत तेच करायचो. कडा कापायच्या, एखादा भाग जास्त उजळ करायचा, कागद निवडायचा. आजही चौकट कापून पक्षी नीट जागी आणावा, सावलीतला भाग थोडा वर आणावा, दाणेदारपणा कमी करावा. डोळ्यांनी जे पाहिले ते दाखवण्यासाठी एवढे योग्यच आहे. मर्यादा कुठे, ते ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. हा बदल मी शेजाऱ्याला न लाजता सांगू शकेन का? 'जरा उजळ केले' हे सांगता येते. 'गळा लाल केला' हे सांगताना जीभ अडखळते. जिथे अडखळते तिथे थांबावे. आणि मूळ चित्र कधीही पुसू नये.

मोठ्या जगातही ही जीभ अडखळल्याची उदाहरणे आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च बक्षीस मिळाले होते. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, असे परीक्षकांच्या ध्यानात आले आणि जानेवारी २०१० मध्ये ते बक्षीस काढून घेण्यात आले. त्या चित्रात रंगाची, तंत्राची काही खोट नव्हती. खोट होती ती चित्राआधीच्या गोष्टीत, माझ्या सुतळीसारखीच.

आज तर यंत्राला चार शब्द सांगितले की न पाहिलेला पक्षी न फुललेल्या फुलावर बसवून मिळतो. अशा काळात आपल्या अंगणातल्या खऱ्या चित्राची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरोघरचे लोक आपल्या परसातले पक्षी मोजून नोंदवतात. २०१३ पासून भारतही त्यात आहे. अशा नोंदीला जोडलेले साधे चित्र, ज्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि झाडाचे नाव आहे, ते उद्याच्या अभ्यासकाच्या कामी येईल. लाल गळ्याचा शिंजीर कोणाच्याच कामी येणार नाही. उलट कोणा मुलाला चुकीचे शिकवील.

सुधारायचे ते अंगण

तेव्हा चित्र सुधारायचे असेल तर सुरुवात अंगणापासून करावी, एवढेच माझे म्हणणे. आमच्या प्राधिकरणातली जुनी बैठी घरे एकेक करून पाडली जात आहेत आणि त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. खुद्द प्राधिकरणही २०२१ साली दुसऱ्या संस्थांत विलीन झाले. अंगणे जातात, गॅलऱ्या येतात. पण शिंजिराला अंगण लागतेच असे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रसेलियाची एक कुंडी आणि जास्वंदीची एक कुंडी, एवढ्यावरही तो हजेरी लावतो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. फुलझाडांवर ऊठसूट कीटकनाशक मारू नये, कारण त्याच्या पिल्लांचे जेवण त्यात मरते. आणि गॅलरीच्या कोपऱ्यातले एखादे जळमट झाडूने ओढायच्या आधी थोडा विचार करावा. त्यावर कोणाचे तरी घर बांधायचे ठरलेले असेल. हे कारण घरातल्या मंडळींना सांगून पाहा. आमच्याकडे ते अर्धेच मान्य झाले आहे.

सूनबाईंनी परवा पुन्हा हाक मारली. या वेळी त्या म्हणाल्या, "काका, शिंजीर आलाय." त्यांनी कुंडी भिंतीपासून पुढे ओढली होती आणि स्वतः दाराआड खुर्ची टाकून बसल्या होत्या. चित्र दाखवले. काडी मधे आलेली, एक पंख धूसर; पण सूर्य बरोबर पाठीशी होता आणि काळ्या पक्ष्याच्या खांद्यावर निळ्या रंगाची एक ठिणगी उमटली होती. "ही काडी काढून टाकू का?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "राहू द्या. तो तिच्यावरच तर बसलाय."